चौघांत वाचलेलं शास्त्र

1893 साली नारायण वामन टिळक नोकरीच्या निमित्ताने नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. नागपूर सुटलं की ती वाट आजही आमच्या वरठीच्या भंडारा रोड स्टेशनावरून, तुमसर रोडवरून पुढे गोंदिया, डोंगरगडकडे जाते. त्या प्रवासात डब्यातल्या एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांचं बोलणं झालं आणि बोलता बोलता ते धर्मावर आलं. निरोप घेण्यापूर्वी त्या गृहस्थाने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला, वाचा म्हणाला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही सांगून गेला. टिळक वाचत गेले. मत्तयाच्या पाचव्या, सहाव्या, सातव्या अध्यायांत, डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते पोचले आणि तिथून त्यांचा पाय निघेना. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आमच्या मंडळीत ही हकिगत उपदेशात वरचेवर येते. येते तेव्हा तिच्यात एक माणूस, एक पुस्तक आणि एक प्रवास एवढंच उरलेलं असतं. मला त्या डब्यात दोघं दिसतात. पुस्तक टिळकांना दुकानात सापडलं नव्हतं, ते कुणीतरी हातात दिलं होतं आणि देताना वाचण्याची गळ घातली होती. पुढेही शंका आल्या तेव्हा टिळकांनी पत्रं लिहून दुसऱ्यांना विचारल्या. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात असाच एक प्रवासी आहे, यरुशलेमहून आपल्या देशाला परतणारा कूशी अधिकारी. रथात बसून तो यशयाचा ग्रंथ वाचतो आहे. धावत जवळ आलेला फिलिप त्याला विचारतो, वाचताय ते कळतंय का? आणि तो मोठा हुद्देदार माणूस सरळ सांगतो, कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं कळणार? मग तो फिलिपला वर रथात बसवून घेतो. मला त्या अधिकाऱ्याच्या श्रद्धेची सुरुवात त्याच्या बाप्तिस्म्यात दिसत नाही, या सरकून जागा करून देण्यात दिसते.

आमचा बायबल अभ्यास आठवड्यातून एका संध्याकाळी होतो. कधी चर्चच्या मागच्या खोलीत, पावसाळ्यात कुणाच्या तरी घरी. जमणारी माणसं साधी आहेत. नर्सिंगमधून निवृत्त झालेल्या एक सिस्टर, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत नोकरी केलेले एक काकाजी, वैनगंगेकाठच्या गावातून येणारे धानाचे शेतकरी, रोवणीला जाणाऱ्या दोन बाया, कॉलेजातली मुलं आणि आमचे पाळकसाहेब, जे गोलात बसतात आणि बहुधा सगळ्यांत शेवटी बोलतात. शेजारच्या वस्तीतले एक बौद्ध गृहस्थही अधूनमधून येतात. वर्षावासात त्यांच्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालतं, त्यामुळे ग्रंथाभोवती बसणं त्यांना नवीन नाही.

विदर्भात ते कुणालाच नवीन नाही. इथे गावोगाव सप्ताह बसतात, ज्ञानेश्वरीची पारायणं होतात, तुकडोजी महाराजांची ग्रामगीता चारचौघांत वाचली जाते. मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले, पुढे स्कॉटिश मिशनचं काम भंडाऱ्यापर्यंत पोचलं, दवाखाना उभा राहिला. त्या काळात इथे ज्यांनी बायबल हातात घेतलं त्यांना एकत्र बसून ऐकण्याची सवय आधीपासून होती, असं मला वाटतं. फरक पडला तो थांबण्याने. पारायणात ग्रंथ पूर्ण होण्याला मान आहे. आमच्याकडे एखादं वचन अडलं तर ती संध्याकाळ तिथेच संपते.

मी ख्रिस्ती घरात जन्मलो. बाप्तिस्मा कळण्याआधी झाला, संडे स्कूलमध्ये वचनं पाठ झाली, दृढीकरण झालं. श्रद्धा मला घराबरोबर मिळाली होती. बायबल मी वाचत असे ते एकटाच, रात्री, आणि बहुतेक तेच ते अध्याय: तेविसावं स्तोत्र, योहानाचा चौदावा, रोमकरांच्या पत्राचा आठवा. त्या पानांच्या कडा मळल्या होत्या. आमोस, हबक्कूक, विलापगीत ही पुस्तकं मात्र कोरी करकरीत. एकट्याने वाचणारा माणूस आपल्याला धीर देणारं तेवढं शोधून काढतो, आणि त्यात वाईट काही नाही. आजारी माणसाने दुसरं काय वाचावं? पण मंडळी जेव्हा एखादं पुस्तक पहिल्या अध्यायापासून ओळीने वाचायचं ठरवते तेव्हा नको असलेला अध्यायही येतो. आमोस आला तेव्हा गरिबाला जोड्यांच्या मोलाने विकणाऱ्यांवरचा देवाचा संताप आम्हाला मोठ्याने वाचावा लागला. वाचणारी ती बाई होती, जिची गेल्या हंगामातली मजुरी अजून कुणीतरी दिली नव्हती. तिने आवाज चढवला नाही. आपलं वाचून बायबल पुढे दिलं. खोलीतल्या जमीनवाल्यांपैकी कुणाला वर बघवेना.

मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला पेरणारा मला लहानपणापासून पाठ आहे. बी वाटेवर पडलं, खडकावर पडलं, काट्यांत पडलं, चांगल्या जमिनीत पडलं. उपदेशांत या दाखल्याचा रोख नेहमी जमिनीवर असतो: तू कोणती जमीन आहेस, ते तपास. आमच्याकडे धान बहुतेक पऱ्हे टाकून, मग चिखलात रोवून लावतात. प्रत्येक रोप हाताने बसवलं जातं, तेव्हा बी वाटेवर पडायचा प्रश्न येत नाही. पण पाण्याचा भरवसा नसला की काही जण अजून आवत्या टाकतात, म्हणजे बी सरळ बांधीत फेकतात. अशाच एका आवत्या टाकणाऱ्या काकाजींनी सांगितलं, की हात फिरला की धुऱ्यावर चार दाणे जाणारच. ते जातील म्हणून हात आखडता घेतला तर बांधीच्या कडा रिकाम्या राहतात. आणि जमिनीच्या पोटात कुठे खडक आहे ते फेकताना दिसत नाही, उगवल्यावर कळतं. त्या संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा जमिनीवरून नजर काढून पेरणाऱ्याकडे पाहिलं. वाया जाईल हे ठाऊक असून तो मूठ भरतो आणि फेकतो. देवाबद्दल असा विचार मी तोवर केला नव्हता. माझा देव हिशेबी होता. जमीन तपासून मगच बी टाकणारा.

विसाव्या अध्यायातल्या द्राक्षमळ्याच्या धन्याने तर आमच्या दोन संध्याकाळी खाल्ल्या. धनी पहाटे मजूर ठरवतो, पुन्हा दिवस चढल्यावर, दुपारी, उतरत्या दुपारी आणि शेवटी दिवस मावळायला तास उरला असताना. मजुरी मात्र सगळ्यांना सारखी, प्रत्येकी एक दिनार. कॉलेजातल्या मुलांना हे सरळ अन्यायाचं वाटलं. मलाही आतून तसंच वाटत असे. देवाची कृपा अशीच असते असं म्हणून मी दरवेळी पुढे जात असे. मग रोवणीला जाणाऱ्या आजी बोलल्या. हल्ली रोवणी गुत्त्याने होते. एकरामागे पैसे ठरतात, बायांची टोळी ते वाटून घेते. टोळीत एक हात मंद असला की सगळ्यांचा वाटा घटतो, म्हणून म्हातारीला कुणी सोबत घेत नाही. “मी सकाळीच तयार होऊन बसतो, भाकर बांधून,” आजी म्हणाल्या. “मले कोनी बलावलंच नाई, त मी जाऊ कुठं?”

आम्ही पुन्हा पानावर गेलो. संध्याकाळच्या त्या मजुरांना धनी विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे आहात? त्यांचं उत्तर अगदी तेच आहे, जवळजवळ आजींच्याच शब्दांत. ते उशिरा आलेच नव्हते. ते पहाटेपासून तिथे असतील, कुणी त्यांना नेलं नव्हतं, इतकंच. हा दाखला मी किती वेळा ऐकला असेन, आणि त्या उत्तरावरून माझी नजर दर वेळी घसरून गेली होती. कारण कामासाठी उभं राहून न निवडलं जाणं माझ्या वाट्याला आलेलं नाही. माझ्या अनुभवात जे नाही ते मला पानावर असूनही दिसत नव्हतं. शास्त्र कळायला शिक्षण लागतं हे खरंच आहे, आणि आमचे पाळकसाहेब मूळ संदर्भ, तेव्हाच्या मजुरीची रीत समजावतात त्याचा मोठा उपयोग होतो. पण त्या दिवशी दाखल्याचा अर्थ लावायचा अधिकार आजींचा होता आणि तो सगळ्यांनी, पाळकसाहेबांनीही, मान्य केला.

पंडिता रमाबाईंना हे केव्हाच दिसलं असावं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं ते साध्या बायांना वाचून समजावं म्हणून. छपाईचं काम मुक्तीतल्या बाया-मुलींनी केलं. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. ग्रंथ बाहेर आला 1924 मध्ये. दुष्काळातून, छळातून आलेल्या बायांनी ज्या ग्रंथाचे खिळे जुळवले, त्याचा अर्थ त्यांच्या हातांना आमच्या डोळ्यांहून जास्त ठाऊक असणार.

एक अभ्यास मात्र असा झाला ज्यात कुणालाच अर्थ लावता आला नाही. 9 जानेवारी 2021 ला, मध्यरात्र उलटल्यावर, आमच्या भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. सात बाळांना बाहेर काढता आलं. दहा बाळं गेली. खेड्यापाड्यांतून आलेल्या त्यांच्या आया जिल्ह्याने पाहिल्या आणि मग देशाने टीव्हीवर पाहिल्या. कोविडच्या टाळेबंदीनंतर आधीच्या नोव्हेंबरात प्रार्थनास्थळं उघडली होती, तोंडाला मास्क लावून, अंतर ठेवून आम्ही पुन्हा जमायला लागलो होतो. नाताळनंतर मागी लोकांचं आगमन वाचायची रीत आहे, म्हणून आमचा मत्तयाचा दुसरा अध्याय चालू होता. मागी लोक दुसऱ्या वाटेने गेले, योसेफाला स्वप्नात सूचना मिळाली, तो बाळाला घेऊन मिसरात निघून गेला. पुढची वचनं हेरोदाच्या शिपायांची आणि बेथलेहेममधल्या बाळांची होती.

आज हे सोडून देऊ या, असं कुणीतरी सुचवलं. सिस्टर म्हणाल्या, नको, वाचू. उभी हयात त्यांनी नवजात बाळांमध्ये काढली होती. त्यांनीच वाचलं. लेकरांसाठी रडणाऱ्या आणि कुणाचंही सांत्वन न घेणाऱ्या राहेलीपाशी त्या पोचल्या आणि थांबल्या. मग एका कॉलेजच्या मुलाने विचारलं, स्वप्नात सूचना एकट्या योसेफालाच का? बेथलेहेममधल्या बाकीच्या बापांना का नाही?

मला उत्तरं येत होती. देवाची योजना, माणसाची मोकळीक, हेरोदाचं पाप, सगळं मी शिकलो होतो आणि शिकवलंही होतं. निर्माणीतले काकाजी आधी बोलले. त्यांनी ईयोबाच्या मित्रांची आठवण करून दिली. मुलं गमावलेल्या ईयोबाजवळ ते मित्र सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून कारणं सांगायला लागले तिथे ते चुकले, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो, देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबावर नाही. एवढं सांगून काकाजी गप्प झाले. आम्ही प्रार्थना केली ती त्या आयांसाठी, नावं घेऊन नव्हे, कारण ती ठाऊक नव्हती, तर त्यांच्या तालुक्यांची, त्यांच्या वाटांची आठवण करून.

त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ आजही नाही. पण मत्तयाने राहेलीचा आकांत शुभवर्तमानाच्या सुरुवातीलाच, ख्रिस्तजन्माच्या आनंदाला लागून ठेवला आहे, आणि तिला गप्प केलेलं नाही, हे मला त्या संध्याकाळी दिसलं. ती पानं मी दर नाताळात ऐकली होती, ऐकताना मागी लोकांच्या सोन्या-उदापाशी थांबलो होतो. माझ्या श्रद्धेत तोवर सांत्वन न घेणाऱ्या माणसाला जागा नव्हती. विश्वास असेल तर सांत्वन मिळतंच, न मिळालं तर विश्वासात उणीव आहे, असं मी धरून चाललो होतो. शास्त्रात ती जागा पहिल्यापासून होती. आणि तो मुलगा? तो पुढच्या आठवड्यातही आला. प्रश्न विचारून तो मंडळीतून बाहेर गेला नाही, आणखी आत आला.

पुढे माझ्यावरही कोरडे दिवस आले. घरातलं एक लांबलेलं दुखणं होतं. प्रार्थनेला बसलो की शब्द यायचे, मागे कुणी नसायचं. अभ्यासाला जाऊ नये असं वाटे, कारण तिथे जाऊन काय बोलणार? तरी जात राहिलो. त्या सुमारास मार्काचा दुसरा अध्याय आला: पक्षाघात झालेल्या माणसाला चौघं उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही, मग छप्पर उघडून बाज खाली सोडतात. लूक तर कौलांतून सोडल्याचं सांगतो. कवेलूंच्या घरात राहणाऱ्यांनी यावर आधी घरमालकाचा विचार केला. कवेलू काढणं सोपं, नीट बसवणं कठीण, पाऊस आला तर काय? मग सिस्टरांनी एक गोष्ट दाखवली. येशू त्या आजाऱ्याशी बोलतो तो त्याला घेऊन आलेल्यांचा विश्वास पाहून. आजाऱ्याने स्वतः विश्वास ठेवल्याचं तिथे काहीच लिहिलेलं नाही. तो बाजेवर पडून आहे, एवढंच.

मी त्या दिवशी बोललो नाही. पण श्रद्धा म्हणजे माझ्या एकट्याच्या छातीत जळत ठेवायची आणि विझली तर माझा दोष, हा माझा समज तिथे सुटला. ज्या महिन्यांत मला विश्वास ठेवता येत नव्हता त्या महिन्यांत या खोलीतल्या माणसांनी तो माझ्या वतीने ठेवला होता, माझ्या घरातल्या आजाऱ्याचं नाव दर आठवड्याला घेऊन. पुढे त्यांच्यापैकी कुणावर तशी पाळी आली तेव्हा बाजेचा एक खूर माझ्या हातात आला.

अशा मंडळीत धोकेही असतात, आणि ते मी पाहिले आहेत. एकच माणूस बोलत राहतो आणि बाकीचे माना डोलावतात. कुणाच्या घरातलं दुःख प्रार्थनेचा विषय म्हणून येतं आणि गावात कुजबुज होऊन बाहेर पडतं. वचन एखाद्याला टोचण्यासाठी निवडलं जातं. बिरुयातल्या लोकांची प्रेषितांच्या कृत्यांत स्तुती आहे ती पौलाचं त्यांनी आनंदाने ऐकलं म्हणून, आणि ऐकलेलं रोज शास्त्रात ताडून पाहिलं म्हणूनही. पौलासारख्याचं म्हणणं जिथे ताडून पाहिलं गेलं, तिथे आमच्यापैकी कुणाचं का पाहू नये? हल्ली मोबाईलवर रोज सकाळी सूर्योदयाच्या चित्रावर छापलेलं एक वचन येतं. ते पाठवणाऱ्याचं प्रेम मला कळतं. पण त्या वचनाला मागचा-पुढचा अध्याय नसतो, आणि त्याला कुणी काही विचारू शकत नाही. विचारायला माणसं समोर लागतात. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसावेत अशी त्यांची इच्छा होती. रेल्वेच्या डब्यात पुस्तक मिळालेला आणि ते वाचून धर्म बदललेला माणूस शेवटी लोकांच्या दरबारात येऊन बसला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडे येणारे ते बौद्ध गृहस्थ जे विचारतात ते विचारायचं आम्हाला सुचत नाही. “हे तुम्ही करता का?” हा त्यांचा नेहमीचा प्रश्न.

सध्या आम्ही डोंगरावरच्या प्रवचनात आहोत. पाचव्या अध्यायात आहे, की वेदीपाशी अर्पण आणल्यावर तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. आमच्या शेतकरी काकाजींचा सख्ख्या भावाशी धुऱ्यावरून वाद आहे. धुरा कुणी किती कोरला यावरून मोजणी झाली, तहसीलच्या फेऱ्या झाल्या, लग्नाकार्यात जाणं-येणं तुटलं. ते वचन वाचल्यावर ते म्हणाले, पुढचं वाचा. बौद्ध गृहस्थांनी त्यांचा प्रश्न विचारला. आम्ही पुढचं वाचलं नाही.

दोन आठवड्यांनी काकाजींनी सांगितलं की ते जाऊन आले. भाऊ घरात होता, बाहेर आला नाही. वहिनीने पाणी दिलं, तेवढंच. खोलीत कुणी शाबासकी दिली नाही, वचनही ऐकवलं नाही. पाळकसाहेबांनी विचारलं, पुन्हा कधी? काकाजी म्हणाले, रोवणी आटोपली की. या वेळी एकट्याने जायचं नाही असं ठरलं आहे. मी आणि सिस्टर त्यांच्यासोबत जाणार आहोत, आणि पाचवा अध्याय तोवर तसाच उघडा आहे.